खांद्याला दोन बोटं

राणीचं माप माझ्याकडे नाही.
पंचवीस वर्षं तिच्या अमलात शिवतोय,
छाती किती, बाही किती, ठाऊक नाही.
इंदुरात तिला कुणीच पाहिलेलं नाही.
पाहिलाय तो रुपया, त्यावरही मानेपर्यंतच.

मानेखालची राणी रेसिडेन्सीच्या कोठीत राहते.
तिथले साहेब म्हणतात, मी म्हणजे कलकत्त्याचे लाटसाहेब.
लाटसाहेब म्हणतात, मी म्हणजे राणी.
आणि राणी काय म्हणते ते
जहाजातून येतं, खंडव्यापर्यंत रेल्वेनं,
मग टांग्यातून घाट चढून,
मग मुन्शी अमानत अलींच्या फारशीतून,
आणि शेवटी माझ्या मांडीवर,
कारण खलित्याच्या थैल्या मी शिवतो.
कोठीची लाल, दरबारची पिवळी.
बाहेर किनखाप, आत मलमल.
कागदात काय ते विचारत नाही.
शाबासकी असो वा तंबी,
थैलीला वजन सारखंच लागतं.

चैत्रात कोठीतून कोट आला.
निळ्या बनातीचा, गळ्याशी कलाबतू,
आठ बटणं, आठांवर आठ मुकुट.
निरोप: पोटाला दोन बोटं सैल करा,
साहेबांना माळवा मानवला.

सैल केला. न्यायला कुणी आलं नाही.
त्याच बुधवारी साहेब तापानं गेले.
तेरा तोफा झाल्या, कबुतरं उडाली, परत बसली.

तीन आठवडे खुर्ची रिकामी.
तीन आठवडे हुकूम निघत राहिले,
सही हेडक्लार्क डिकोस्टाची, खाली ‘साहेबांकरिता’.
एका जहागीरदाराच्या किल्ल्या जप्त झाल्या,
एकाला काळं पाणी झालं.
मेलेल्या माणसाकरिता.
कुणाच्या लक्षातही आलं नाही;
माझ्या आलं, कारण कोट माझ्या खुंटीला होता.

मग नवे साहेब. सडपातळ.
लंडनहून नवा कोट यायला चार महिने,
दरबार सोमवारी.
निरोप: तोच कोट. पोट आत घ्या,
खांद्याला दोन बोटं वाढवा.

रविवारी रात्री शेवटचा टाका तोडला.
खांदा कसा बसतो ते बघायला
दुकानात दुसरा खांदा नव्हता.
घातला.

गस्तीचा भैरूलाल,
सकाळीच माझ्या ओट्यावर बसून, माझा चुना लावून
पान खाऊन गेलेला,
फळ्यांच्या फटीतून त्यानं कंदील आत धरला
आणि ताठ झाला. टाच वाजली.
सलाम आठव्या बटणाला होता,
तोंडापर्यंत त्याची नजर चढलीच नाही.
आणि मी,
रंगनाथ बोंगाळे, छावणीतला शिंपी,
मी म्हणालो,
‘कंदील खाली घे.’

तो आवाज माझा नव्हता. बनातीतून आला.
त्यानं घेतला.

एवढंच लागतं, इतकं सोपं असतं,
ही भीती अंगावरून अजून उतरलेली नाही.
कोट मात्र उतरवला, काज फाटेल अशा घाईनं.

सोमवारी मी राजवाड्यासमोर, गर्दीत.
पायदळ गेलं, हत्ती गेले, मग बग्गी.
गालिच्यावर दरबारकडून किती पावलं पुढे यायचं
ते आधीच लिहून ठरलेलं,
ती थैलीही माझीच.
कोट खांद्यावर चोख.
फक्त साहेबांनी उतरताना एकदा मान वाकडी केली,
खांदा झटकला,
आत काही टोचत असावं तसा.

घरी येऊन सुयांची उशी पाहिली.
बारा असतात.
मोजल्या. अकरा.
ओट्यावरून भैरूलालनं विचारलं, काय हरवलं?
म्हटलं, काही नाही.
कंदील त्यानं
अजून खालीच धरला होता.